बंडीभर टेकडी

सरकारी कागदात माझ्या नावापुढे 'धातुशोधक यंत्राचा अनधिकृत वापर' असं लिहिलेलं आहे. ते खरं आहे आणि ते मीच आग्रह धरून लिहून घेतलं. लोक म्हणतात, झालं गेलं, आता कशाला उगाळता मॅडम. मी उगाळते, कारण त्या प्रकरणात मला अक्कल शिकवायला आलेल्यांपैकी निम्म्यांना आमच्या गावची टेकडी कोणत्या दिशेला आहे तेही माहीत नव्हतं.

मी आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळं झालं, तेव्हा आमच्याकडचे बरेच लोक तिकडे गेले आणि उरलेल्यांच्या वाट्याला दुप्पट तास आले. त्यातच पोरांना ऑसिलेटर, म्हणजे आपणहून आवाज काढणारं सर्किट, शिकवायचं होतं. फळ्यावर चित्र काढलं की पोरं झोपतात, हा माझा अनुभव. म्हणून मी दोन ऑसिलेटर जोडून एक यंत्र बनवलं. प्लॅस्टिकच्या बादलीचं झाकण घेतलं, त्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळलं, त्याला बांबूची दांडी लावली, साबणाच्या डबीत बॅटऱ्या भरल्या आणि कानाला जुने हेडफोन. झाकणाखाली लोखंड, तांबं, सोनं काही आलं की कानातला सूर बदलायचा. पोरांनी त्याचं नाव टुणटुणी ठेवलं. मला ते आवडलं नाही, पण तेच चिकटलं.

आमचं गाव कोंढ्याच्या बाजूला. नोकरीपायी मी भंडाऱ्याला राहायची, पण रविवारी बाबांकडे जायचीच. एका रविवारी शेजारच्या काकू ओट्यावर येऊन रडायला लागल्या. धानाच्या रोवण्याच्या दिवसात चिखलात वाकून वाकून गळ्यातलं डोरलं तुटून पडलं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी चार महिने घरात कोणालाच सांगितली नव्हती. काळ्या धाग्यात खोटं डोरलं ओवून मिरवत होत्या. धान कापून झालं, बांधी, म्हणजे धानाचं खाचर, सुकली, आता सासूच्या नजरेला पडेल म्हणून जीव टांगणीला लागला होता. मी दुसऱ्या खेपेला टुणटुणी घेऊन आले. बांधीत लाखोरीची, म्हणजे लाखेच्या डाळीची, रोपं वर आली होती, म्हणून चपला काढून एकेक पाऊल टाकत फिरले. दोन तास खिळे आणि विळ्याचे तुकडे निघाले. मग डोरलं निघालं. काकूंनी ते धुतलंसुद्धा नाही, तसंच मातीसकट पदरात बांधलं.

झालं. पंचक्रोशीत बोभाटा. कोणाची नथ, कोणाच्या बैलाची घंटी, कोणाच्या नांगराचा फाळ. मी रविवारी गावात आले की कोणी ना कोणी वाट पाहत बसलेलं असायचं. मला त्याचा छंद लागला, हे लपवत नाही. काही हरवलेलं नसलं तरी मी धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, फिरायची. आमचे हे म्हणायचे, "लोकायच्या बायका रविवारी बाजारात जातात, आमची वावर हुंगत फिरते." हुंगते तर हुंगते, मी म्हणायची, तुमच्या खिशाला तर हात नाही लावत.

अशीच एकदा आमच्या स्वतःच्या बांधीत फिरत होते. घराकडून तिसरी बांधी, धुऱ्यापासून पंधरा-वीस पावलं आत. सूर बदलला. चार बोटं खाली एक हिरवट चौकोनी तुकडा लागला, नखाएवढा. थुंकी लावून पुसला, तर जुना पैसा, त्यावर हत्ती. छोटासा, सोंड खाली सोडलेला. मी उकिडवी बसले होते ती तिथेच मातीत बसले. घरी पळत येऊन बाबांच्या हातावर ठेवला.

बाबांनी तो घेतला नाही. हात मागे घेतला.

"उचलला काहून?" ते म्हणाले.

माझ्या बाबांविषयी इथे सांगावं लागेल. शेतकरी, पण जमीन थोडी, म्हणून मजुरीही केली. पंचावन्न-छप्पन साली त्यांचं वय दहा-अकरा. आमच्या घराने छप्पनला धम्म घेतला तेव्हा ते आजोबांच्या खांद्यावर नव्हते, पायी चालत होते, हे ते नेहमी सांगायचे. पुढे मी पाळण्यात असताना पवनीला मोठं उत्खनन लागलं, तेव्हा बाबा तिथे खणायला होते. आयुष्यात त्यांना ज्या गोष्टीचा अभिमान वाटला ती ही. बौद्ध स्तूपाच्या जुन्या विटा त्यांनी स्वतः ब्रशने झाडल्या होत्या. साहेब लोकांनी त्यांना खुरपीने माती खरवडायला शिकवलं होतं, खणायला नाही, खरवडायला. गावात कोणी "मी रोडच्या कामावर होतो" म्हणालं की बाबा म्हणायचे, "मी खुदाईवर होतो," आणि त्या दोन कामांत जमीनअस्मानाचा फरक आहे हे समोरच्याला समजेपर्यंत त्याला सोडायचे नाहीत.

"वस्तू दिसली का हात मांगं," बाबा मला म्हणाले. "पयले साहेबाले हाक. जागा म्हणजे तिचा पत्ता आहे वो माय. पत्ता फाडून टाकला, तं चिठ्ठी कोणाची अन् कोणाले, कसं कळन?"

मी चाळिशीकडे झुकलेली बाई, पोरांना दम देणारी, बाबांपुढे मान खाली घालून उभी राहिले. पण ऐकलं अर्धंच. एक वही केली. कोणती बांधी, कोणत्या धुऱ्यापासून किती पावलं, किती बोटं खोल, सगळं लिहायला लागले, नकाशा काढायला लागले. उचलणं मात्र थांबलं नाही. दोन हिवाळ्यांत पहिला धरून तसे सात पैसे निघाले, सगळे त्या तिसऱ्या आणि तिच्या शेजारच्या बांधीत. मला खात्री झाली की आपल्याच वावराखाली काहीतरी जुनं गाव झोपलेलं आहे. बाबांना वही दाखवायची तेव्हा ते बघायचे, हूं म्हणायचे आणि बिडी पेटवायचे. त्या हूंचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

कायदा मला माहीत नव्हता असं म्हणाले तर ते खोटं होईल. पहिल्यांदा माहीत नव्हता. मग स्टाफरूममध्ये एकाने सहज सांगितलं की जमिनीत गाडलेलं, दहा रुपयांच्या वरच्या किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, इंग्रजांच्या काळापासूनचा कायदा आहे, नाही कळवलं तर जेलही होते. दहा रुपये. त्यात तेव्हा बटाटेही येत नव्हते धड. मी घरी येऊन ते सात पैसे चहाच्या रिकाम्या डब्यात घातले आणि डबा माळ्यावर ठेवला. भीती वाटली, सरळ सांगते. नोकरी सरकारी होती. रागही आला, की आमच्या घामाच्या बांधीत चार बोटं खाली काय आहे ते आम्हालाच विचारायला यांना कोणी सांगितलं. भीती आणि राग एकत्र आले की माणूस गप्प बसतो, तशी मी बसले.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती माझ्या विरुद्ध जाते, तरी सांगते. मोटरसायकलवर दोन जण गावात आले आणि पानठेल्यावर 'टुणटुणीवाल्या मॅडम'चं घर विचारू लागले. त्यांच्याकडे विकत आणलेलं यंत्र होतं, चकचकीत, काटे-दिवे असलेलं. माझ्याकडे येऊन गोड बोलायला लागले, जागा दाखवा, अर्धं अर्धं करू. मी त्यांना अंगणातून अशा शब्दांत हाकललं की काकू खिडकीतून ऐकून खूश झाल्या. पण दुसऱ्या दिवशी गावालगतच्या टेकडीवर नऊ खड्डे दिसले. त्यांना टेकडी कोणीतरी दाखवली असेल, पण गावात ते माझं नाव ऐकून आले होते.

आता ती टेकडी. गावाच्या उगवतीला, सरकारी जागेत, दोन माणसं उंच असेल. वर सिंधी आणि बोरीची झुडपं. पावसाळ्यात खापऱ्या उघड्या पडायच्या, पोरं त्यांच्या भिंगऱ्या करायची. तिची माती पांढुरकी, राखेसारखी मऊ, आणि ती धानाला अशी मानवते की युरियाने लाजावं. म्हणून आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात बैलबंड्या जुंपायच्या आणि टेकडीची माती बांधीत नेऊन पसरायची, ही रीतच होती. त्याला कोणी चोरी म्हणत नव्हतं. शेणखत टाकावं तसं ते टेकडीखत.

एका रविवारी मी बसमधून उतरले तर टेकडीवर पिवळी जेसीबी, उगवतीची बाजू बरीच खाऊन झालेली. रस्त्याच्या भरावासाठी माती चालली होती. एक ट्रॅक्टर भरून निघाला होता, दुसरा रांगेत. मी बॅग घेऊन तशीच वर गेले. ठेकेदाराचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. मी परवाना मागितला, त्याने शांतपणे काढून दाखवला. सही होती, शिक्का होता, अमुक इतकी माती उचलायची परवानगी होती. त्या कागदात ती टेकडी नव्हतीच, नुसती माती होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी ग्रामसभा होती, तिथे मी उभी राहिले. सरपंच बिचारे भले माणूस, म्हणाले, "मॅडम, रोड तं सगळ्यायलेच पाहिजे. हे जुनं आहे म्हणता तं पुरावा द्या. कागद द्या. मी थांबवतो दोन दिवस." पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "टुणटुणीनं सोनं पाह्यलं असन मॅडमनं." लोक हसले. मी म्हटलं, सोनं पाहिलं असतं तर ग्रामसभेत कशाला आले असते.

दोन दिवस. तेवढंच होतं माझ्या हातात. आणि पुरावा म्हणजे माळ्यावरचा तो चहाचा डबा. टेकडीच्या शेजारी, आमच्या वावरात जुने पैसे सापडतात, म्हणजे जुनी वस्ती इथे आहे, म्हणजे टेकडीला हात लावू नका, असा माझा सरळ हिशेब. पण डबा काढायचा म्हणजे मी काय करत होते ते सांगायचं. आमचे हे म्हणाले, "नोकरी जाईन." मी म्हटलं, जाईल तर जाईल. तसं तोंडाने म्हटलं आणि माळ्याला शिडी लावली.

सोमवारी सकाळी मी नागपूरला जाऊन पुरातत्त्वाच्या साहेबांसमोर डबा उघडला. वही ठेवली. साहेबांनी भिंगातून हत्ती पाहिला आणि लगेच दुसऱ्या दिवसासाठी गाडी सांगितली. मनात म्हटलं, बाई, तू जिंकलीस. मंगळवारी सकाळी साहेब, गावचे तलाठी, मी आणि बाबा आमच्या बांधीत उभे होतो. साहेबांनी वहीतल्या खुणांवर तीन जागी माती कापली. वीतभर पांढुरकी, राखाडी माती, आणि खाली एकदम कोरी काळी. खापरी नाही, राख नाही, काही नाही. साहेबांनी हात झटकले.

"मॅडम, इथे वस्ती नव्हती," ते म्हणाले. "नाणी खरी आहेत. पण नाण्याला जागा नसेल तर ते मुकं असतं. तुम्ही सात नाणी काढलीत, सातही मुकी झाली. परवानगी न घेता काढलीत, कळवलं नाहीत. यंत्र बाळगणं गुन्हा नाही, पण हे जे केलंत तो आहे. आणि आज तुम्ही केलंत, उद्या पाच जण यंत्र घेऊन येतात."

ते पाच जण नव्हे, दोन जण, येऊन गेले होते. मला ते माहीत होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"साहेब," मी म्हटलं, "मी चार बोटं खणलं. त्याचा गुन्हा. तिकडे जेसीबी एका घासात हजार वर्षं गिळून राहिली, तिच्याकडे परवाना. माझ्या हातात बादलीचं झाकण आहे म्हणून मी चोर, आणि त्याच्याकडे शिक्का आहे म्हणून तो विकास? चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ऐकलं होतं, आज पाहिलं."

"तुम्ही संन्यासी नाही," साहेब म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले. "आणि जेसीबी मला आवडते असं नाही. पण थांबवायला मला टेकडीचा पुरावा लागतो. हा तुमच्या वावराचा आहे, आणि तुमचं वावर रिकामं निघालं. संध्याकाळी सरपंचांचे दोन दिवस संपतात. मी कशावर सही करू?"

दोन हिवाळ्यांची वही माझ्या हातात होती, त्यात इतके नकाशे, इतकी पावलं, आणि सगळं फुकट. टेकडी जाणार आणि नोकरीही जाणार. माझे डोळे भरून आले, आणि मला साहेबांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी धुऱ्याकडे तोंड केलं.

तेव्हा बाबा बोलले.

"साहेब, ते पैसे इथचे नोहेतच. म्या आणले."

कोणालाच काही समजलं नाही. बाबांनी हात करून टेकडी दाखवली. "तिथून. बंडीनं. ह्या दोन बांध्या खालच्या होत्या, धान पिवळं पडे. चार उन्हाळे टेकडीची माती आणून टाकली. खुदाई बंद पडली, मजुरी बंद झाली, मंग वावरच करा लागलं नं. वावरात माती पाह्यजे होती."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"तुनं पयला पैसा आणला, तवाच."

मला राग आला. खरं सांगते, साहेबांचा आला नव्हता एवढा राग आला. या माणसाने मला पत्त्याचं महत्त्व शिकवलं, आणि दोन वर्षं मी खोटा पत्ता लिहीत होते तेव्हा बाजूला बसून बिडी ओढली. "सांगितलं काहून नाही बाबा?" मी ओरडले, तलाठी आणि साहेब ऐकत असताना.

"कोणत्या तोंडानं सांगू?" बाबा म्हणाले. "खुदाईवर होतो म्हणून गावाले सांगत फिरलो जनमभर."

आणि ते काठी टेकत टेकडीकडे चालायला लागले. आम्ही तिघे मागून. जेसीबी उगवतीच्या बाजूने चावत आली होती आणि आता दोन दिवसांसाठी थांबली होती. बाबा तिच्याकडे बघायलाही गेले नाहीत. ते वळसा घालून उत्तरेला गेले. तिथे झुडपांच्या मागे टेकडीला एक जुनी खाच पडलेली होती, बंडी मागे लावून माती भरता येईल एवढी. वरून वेली आल्या होत्या. "हे माहं," बाबा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे हात केला. मी कंबरेची खुरपी दिली, टुणटुणीसोबत नेहमी असायची ती. बाबांनी वेली बाजूला केल्या, गुडघे टेकले आणि त्या उभ्या कापावरून खुरपी आडवी ओढायला लागले. खणत नव्हते, खरवडत होते. वरून खाली, एका हाताच्या रुंदीत, पापुद्रा पापुद्रा. साहेब आधी उभे होते, मग वाकले, मग तेही मातीत गुडघे टेकून बसले. पांढुरकी माती, त्याखाली जळक्या राखेची पट्टी, तिच्यात खापऱ्या, मग पिवळी दाबलेली जमीन, आणि कमरेच्या उंचीवर विटांची एक ओळ. मोठ्या, चपट्या, हातभर लांब विटा. बाबांची खुरपी तिथे पोहोचली तशी थांबली. त्यांनी खुरपी खाली ठेवली आणि हात मागे घेतला.

"साहेब, हाक मारली बा म्या," ते म्हणाले.

साहेबांनी विटेवर वीत ठेवून लांबी मोजली. मग म्हणाले, "कुठे शिकलात?" बाबांनी सांगितलं. साहेब हसले, आणि त्यांनी पहिल्यांदा बाबांना "बसा, बसा" म्हटलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाच्या मनाला हुरहुर नको. टेकडीचं काम त्या संध्याकाळी थांबलं ते थांबलंच. उगवतीची पाव टेकडी गेली ती गेली, रस्त्याखाली आहे, तिच्यावरून आता बस जाते. पुढे उत्खनन झालं नाही, नुसता फलक लागला, तारेचं कुंपण आलं. माझी खातेचौकशी झाली, एक वेतनवाढ थांबली, टुणटुणी जमा झाली. सात पैसे सरकारजमा झाले आणि मी ते पुन्हा पाहिले नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं का, तर वाटतं. हत्ती छान होता.

पण हे सगळं त्या एका पंचनाम्यामुळे झालं, आणि तो कसा लिहिला गेला ते सांगायचंच राहिलं. टेकडीच्या पायथ्याशी तलाठी मांडीवर फळी घेऊन बसले. साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मॅडम, विटा दिसल्या, पण टेकडी किती जुनी ते नाण्यांवरून ठरेल. नाणी इथलीच हे वडिलांच्या जबाबावरून धरता येतं. फक्त ती सापडली कशी, तिथे 'नांगरताना' असं लिहूया. शेतकऱ्याला नांगरताना सापडतात, त्यात काही नाही. आता कळवलीत असं होईल. तुमची नोकरी वाचेल."

माणूस चांगला होता, म्हणून तर ते बोलला. आणि मला मोह झाला. तलाठ्याचं पेन उघडं होतं, एक शब्द, नांगरताना, आणि मी बुधवारी पुन्हा फळ्यासमोर. पण मला दिसलं की मी हो म्हणाले तर माझ्या वहीतली एकदा खोटी ठरलेली नोंद दुसऱ्यांदा खोटी होणार, आणि या खेपेला मुद्दाम. नांगरताना सापडलेल्या नाण्याची खोली कोणी बोटांनी मोजून वहीत लिहीत नाही, आणि टुणटुणी तर पंचक्रोशीला माहीत होती. उद्या ठेकेदाराचा वकील हे विचारेल, आणि एक शब्द खोटा सापडला की सगळा कागद खोटा. ही झाली शहाणपणाची बाजू. दुसरी बाजू अशी की मला त्या साहेबांनी माफ केलेलं नको होतं. मी चुकले होते तेवढंच चुकले होते, आणि जेवढी बरोबर होते तेवढी बरोबर होते, आणि दोन्ही मला कागदावर हवं होतं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "लिहा, यंत्राने शोधली. मी स्वतः उचलली. कळवली नाहीत. वही सोबत जोडा, चुकीची आहे असं वर लिहून जोडा. आणि त्याच्या खाली हेही लिहा की हे झालं नसतं तर आज तुम्ही इथे नसता."

"ते शेवटचं लिहिता येणार नाही," साहेब म्हणाले.

"मग बाकीचं लिहा. ते शेवटचं मी लोकांना सांगत जाईन." सांगत आले आहे, अजून सांगते आहे.

तलाठ्याने लिहिलं. मग नुकसानीचा रकाना आला. साहेब सांगत होते, "ठेकेदाराच्या यंत्राने पूर्व बाजूस झालेले नुकसान," आणि तलाठी लिहायला वाकले. बाबा बोरीच्या सावलीत बसले होते. ते काठीवर जोर देऊन उठले.

"थांबा. त्याच्या आंधी उत्तरेचं लिवा. माहं नाव लिवा पयले."

साहेब म्हणाले, "बाबा, त्याची काही गरज नाही. तेव्हा तर सगळं गावच माती नेत होतं."

"गावाले कोणी सांगतलं नोतं, साहेब," बाबा म्हणाले. "मले सांगतलं होतं."

तलाठ्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. तलाठ्याने ठेकेदाराच्या वरच्या ओळीत बाबांचं नाव लिहिलं, आणि बाबांनी ते वाचून पाहिल्यावरच सही केली.